वांगं, बाभूळ आणि रानपिंगळा: सजीवांच्या वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी पोरांना झाडं-पाखरं दाखवत हिंडलं की ठरलेले प्रश्न येतात. शाळेतली पोरं गुणांसाठी विचारतात, शेतकरी फवारणीच्या हिशोबाने विचारतात, स्पर्धा परीक्षेवाले तर थेट पर्याय क्रमांकच मागतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरणं होईल तितकी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत, म्हणजे बांधावर उतरून पडताळता येतील.

वर्गीकरण करताना शास्त्रज्ञ नेमकं काय ठरवतात?

कोण कोणाचा भाऊबंद, ते ठरवतात. झाडांचे गट आपणही पाडतो: पालेभाजी, कडधान्य, तण, जळण. हे गट उपयोगावरून पडतात आणि त्यात काही चूक नाही. पण अशा गटातल्या एका झाडाची माहिती दुसऱ्याला लागू पडेलच असं नसतं. मेथी आणि पालक दोन्ही पालेभाज्या, एकाच वाफ्यात शेजारी शेजारी. मेथी उपटून मुळं धुऊन बघा. त्यांवर बारीक गाठी दिसतील, त्यांत हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात. पालकाच्या मुळांवर तसं काही नसतं. मेथीचं नातं तूर, हरभरा, भुईमुगाशी आहे. पालकाचं बीट, चाकवत आणि राजगिऱ्याशी.

एका पूर्वजापासून निघालेल्यांना एका गटात ठेवायचं, हा आजचा नियम. डार्विनने १८५९ मध्ये उत्क्रांतीची मांडणी केल्यावर त्याला पाया मिळाला, आणि विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञाने १९५० मध्ये नातं शोधायची काटेकोर रीत घालून दिली. अशा गटाचा मोठा फायदा म्हणजे एकाबद्दल कळलं की बाकीच्यांबद्दल अंदाज बांधता येतो. अंदाज वारंवार चुकायला लागला, तर गट तपासायची वेळ आली असं समजायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हे सगळं लिनियसने सुरू केलं ना?

नावं देण्याची पद्धत त्याने रुळवली. कार्ल लिनियस (१७०७–१७७८) हा स्वीडनचा. वनस्पतींच्या नावांसाठी त्याचा १७५३ चा ग्रंथ आणि प्राण्यांसाठी १७५८ ची आवृत्ती ही आजही अधिकृत सुरुवात धरतात. त्याआधीची नावं म्हणजे लॅटिनमधली लांबलचक वर्णनंच असायची. त्याने प्रजातीचं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) एक आणि जातीचं एक अशी दोन शब्दांवर बोळवण केली.

त्याच्याही आधी, १६२३ मध्ये, कास्पर बाउहिन याने सुमारे सहा हजार वनस्पतींची जंत्री केली होती. कास्पर आणि त्याचा भाऊ योहान दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. लिनियसने एका प्रजातीला या भावांचं नाव दिलं, कारण तिचं पान दोन जुळ्या पाळ्यांचं होतं. आपटा याच प्रजातीतला: बाउहिनिया रेसिमोसा. दसऱ्याला सोनं म्हणून बाजारात आपट्याच्या जागी कांचनाच्या फांद्या येतात, त्याही बाउहिनियाच्याच. विकणाऱ्याची निदान प्रजाती तरी चुकत नाही.

लिनियसने झाडांचे गट मात्र फुलातले पुंकेसर मोजून पाडले होते. मोजायला सोपं, पण त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेली झाडं एका रांगेत बसली. ते गट केव्हाच मोडीत निघाले, नावं राहिली.

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हे लक्षात कसं ठेवायचं?

एक ओळखीचं झाड घेऊन वरून खाली या. वांगं घ्या. वनस्पती सृष्टी, सपुष्प वनस्पतींचा विभाग, द्विदल वर्ग, सोलॅनेल्स गण, सोलॅनेसी कुल, सोलॅनम प्रजाती, सोलॅनम मेलोंजेना जाती. (वनस्पतींत संघाऐवजी विभाग म्हणतात.) एक सावधगिरी: वर्तमानपत्रात ‘पक्ष्याची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं, तेव्हा बहुतेक वेळा ती पाठ्यपुस्तकातली जाती असते. परीक्षेत पाठ्यपुस्तकाप्रमाणेच लिहा.

या पायऱ्या माणसाने सोयीसाठी पाडल्यात. एका कुलात हजारो जाती असतात, दुसऱ्यात एकच. निसर्गात नातं खरं असतं; त्याला ‘कुल’ म्हणायचं की ‘गण’ हे तज्ज्ञ आपसात ठरवतात आणि त्यावरून भांडतातही.

जळगावच्या भरिताच्या ताटात किती कुलं येतात?

एका सहलीत आठवीतल्या मुलीने विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर.

मोठं हिरवं भरिताचं वांगं आणि हिरवी मिरची, दोन्ही सोलॅनेसी. लसूण आणि कांद्याची पात एकाच प्रजातीतली, अ‍ॅलियम. शेंगदाणे शिंबावंत कुलातले. कोथिंबिरीचं कुल जिरं, ओवा, बडीशेप आणि गाजराचं. सोबत कळण्याची भाकरी असेल तर ज्वारी गवताच्या कुलातली आणि उडीद पुन्हा शेंगदाण्याच्या घरातला. म्हणजे पाच. वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं असेल तर सहावं, आणि पंगत केळीच्या पानावर बसली असेल तर सातवं.

यातली वांगं-मिरचीची जोडी नीट बघण्यासारखी आहे. वांगं आशियातलं, मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी ती आणेपर्यंत इथे कोणी पाहिली नव्हती. हजारो मैल दूर वाढलेली ही दोन झाडं एका घरातली कशावरून? फूल हातात घ्या. पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, वर पाच टोकं; आत पाच पुंकेसर; आणि फुलाखालचा हिरवा पेला फळ धरल्यावर गळून न पडता फळाबरोबर राहतो. वांग्याच्या डोक्यावरची काटेरी टोपी ती हीच. मिरचीच्या देठाशीही तीच, छोटी. टोमॅटोवर ती चांदणीसारखी पसरते. काटेरिंगणी रस्त्याकडेला पसरलेली असते तिची फळं बघा, अश्वगंधेची फळं तर त्या पेल्यात पूर्ण झाकलेली असतात.

आता अंदाजाची गोष्ट. या कुलात अडीच हजारांच्या वर जाती आहेत आणि त्यांत विषारी अल्कलॉइडं जागोजागी आढळतात. तंबाखूत निकोटीन आहे. धोत्र्यात हायोसायमिन आहे, ते जीव घेऊ शकतं. उन्हात पडून हिरव्या झालेल्या बटाट्यात सोलॅनिन वाढतं. म्हणून या कुलातलं अनोळखी रानफळ दिसलं तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नका.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

कुल ओळखता आलं की फेरपालटाचा अर्थ लागतो. वांग्याला जमिनीतल्या जिवाणूमुळे मर लागली आणि त्या जागी पुढच्या हंगामात मिरची किंवा टोमॅटो लावला, तर पीक बदलल्यासारखं वाटतं. त्या जिवाणूला मात्र तेच घर पुन्हा मिळतं. तिथे ज्वारी किंवा मका घेतला तर त्याची उपासमार होते. कपाशीवरचे तुडतुडे भेंडीवर सहज जातात, गुलाबी बोंडअळीही भेंडी-अंबाडीवर तग धरू शकते, कारण ही सगळी एका कुलातली. २०१८ मध्ये भारतात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावर आली तेव्हा लोकांना तिच्यापासून ज्वारी आणि ऊस जपायला सांगितलं गेलं. तिची आवड गवताच्या कुलाकडे झुकते. सगळ्याच किडी इतक्या शिस्तीच्या नसतात, पांढरी माशी कुल बघत बसत नाही.

कपाशी, भेंडी आणि जास्वंद एका घरातली कशी?

सकाळी शेतात जा. कपाशीचं त्याच दिवशी उमललेलं, पिवळसर-पांढरं फूल तोडा. (गुलाबी झालेलं असेल तर ते कालचं.) फुलाखाली तीन मोठी झालरदार हिरवी पानं दिसतील, पात्याला वेढून असतात तीच. ती बाजूला करा, पाकळ्या अलगद सोलून काढा. मधोमध एक दांडा उरेल. तो नुसता दांडा नसून नळी आहे: सगळ्या पुंकेसरांचे देठ जुळून ती झालीय, आणि तिच्या आतून स्त्रीकेसर वर आलाय. आता जास्वंदीचं फूल घ्या, तीच नळी आणखी लांब. भेंडीचं घ्या, अंबाडीचं घ्या, तेच. माल्व्हेसी कुलाची ही खूण एकदा बोटांना कळली की सहसा चुकत नाही.

काटेसावरीला पूर्वी वेगळं कुल होतं. आजच्या मांडणीत ती आणि गोरखचिंच दोन्ही माल्व्हेसीतच येतात. इथे एक गंमत आहे. कपाशीचा धागा बियांच्या सालीतून निघतो, म्हणून सरकी वेगळी करायला जिनिंग लागतं. सावरीचा कापूस फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो, बी त्यातून आपसूक सुटतं. आणि रुईच्या फळातून उडणाऱ्या म्हाताऱ्या म्हणजे बियांच्या टोकावरचे झुपके; रुईचं कुलच निराळं, तिचे सोयरे कण्हेर आणि सदाफुली. तिन्ही कापूस दिसायला सारखे, पण सारखं दिसणं आणि नातं असणं या दोन गोष्टी आहेत. वर्गीकरण करणाऱ्याचा निम्मा वेळ त्या वेगळ्या करण्यातच जातो.

देशी कापूस आणि आताची कपाशी एकच का?

दोन वेगळ्या जाती. देशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, तिची गुणसूत्रं २६. आता बहुतेक शेतांत असते ती मूळ अमेरिकेतली गॉसिपियम हिर्सुटम, गुणसूत्रं ५२. फार पूर्वी दोन वेगळ्या कपाशींचा संकर होऊन गुणसूत्रं दुप्पट झाली, त्यातून ती आली. म्हणूनच दोघींचा सरळ संकर लावला तर संतती बहुधा वांझ निघते.

केळी हे झाड आहे का? आणि तिची जात कोणती?

वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने झाड नाही. ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या गुंडाळलेल्या देठांचं बनलेलं असतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, मुनवे तिथून फुटतात. घड कापल्यावर आडवं केलेलं खोड विळ्याने तिरकं छाटून बघा, कांद्यासारखे थर दिसतील. लाकूड कुठेच नाही.

जातीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. नेदरलँड्समध्ये एका श्रीमंत माणसाच्या बागेत १७३६ मध्ये लिनियसने केळीला फुलोरा आणून दाखवला, तेव्हा युरोपात त्याचा बोलबाला झाला. पुढे त्याने केळीला म्युसा पॅरॅडिसियाका हे नाव दिलं आणि दुसऱ्या एका केळीला म्युसा सॅपिएंटम. पाठ्यपुस्तकांत ही नावं अजून दिसतात. पण ज्या केळींना त्याने जाती समजलं त्या निसर्गातल्या जाती नव्हत्याच. त्या माणसाने जपलेले, बिया नसलेले संकर होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर कळलं की खायच्या बहुतेक सगळ्या केळी दोन रानटी जातींतून आल्यात, म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी पहिलीला ‘ए’ आणि दुसरीला ‘बी’ अशी अक्षरं देऊन केळींचे गट पाडले. आपल्या रावेर-यावलकडची बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही ‘एएए’ गटातल्या. वेलची केळी ‘एबी’. बसराईत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, एकूण ३३. तिनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून बी धरत नाही आणि लागवड मुनव्यांनी किंवा टिश्यूकल्चरच्या रोपांनीच करावी लागते.

म्हणून बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन यांना ‘जात’ म्हणायची सवय असली तरी शास्त्रात ते वाण. एका वाणाची सगळी बाग जवळजवळ एकाच झाडाच्या नकला असते, त्यामुळे एखादा रोग एका झाडाला झेपला नाही की बाकीच्यांनाही झेपत नाही.

आणि हो, केळ हे वनस्पतिशास्त्रात मृदुफळ. वांगंही.

घोड्याच्या इतक्या जाती आहेत, मग घोडा एकच जाती कसा?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी येतो, काठियावाडी येतो, पंजाबकडचे उंच घोडे येतात. रंग, कान, चाल वेगळी. पण कोणतीही घोडी कोणत्याही घोड्यापासून गाभण राहते आणि शिंगरूही पुढे प्रजननक्षम होतं. जाती एक, पैदास वेगवेगळी. घोडा आणि गाढव यांचं मात्र खेचर होतं आणि ते वांझ राहतं: घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. ‘आपसात प्रजननक्षम संतती देतात ते एका जातीचे’ ही व्याख्या प्राण्यांना बऱ्यापैकी चालते. केळीसारख्या बिनबियांच्या पिकाला ती लावायला गेलात की अडकलात. सर्वांना चालेल अशी एकच व्याख्या अजून कोणाला जमलेली नाही.

शास्त्रीय नाव लिहायचे नियम काय?

दोन शब्द: आधी प्रजाती, मग जाती. रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि दोन्ही तिरक्या टाइपात; हाताने लिहिताना खाली रेघ. प्राण्यांत दोन्ही शब्द एकच चालतात: नाग म्हणजे नाजा नाजा, चितळ म्हणजे अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस. वनस्पतींत ते चालत नाही. दोघांच्या नियमावल्या वेगळ्या असल्यामुळे वड-पिंपळाचं फायकस हे नाव एका समुद्री गोगलगायीच्या प्रजातीलाही आहे आणि कोणाची हरकत नाही.

उडदाचं शास्त्रीय नाव विग्ना मुंगो. हे चुकून मुगाचं नाव लागलं का?

शब्द मुगावरूनच गेलाय, पण नाव उडदाचं आहे. मूग म्हणजे विग्ना रेडिएटा. लिनियसकडे हे असं पोहोचलं आणि पक्कं झालं. चिंचेचंही तसंच: टॅमॅरिंडस इंडिका म्हणतात, पण झाड मूळचं आफ्रिकेचं. नावाचा अर्थ चुकीचा आहे एवढ्या कारणाने ते बदलत नाहीत. आधी नियमानुसार छापलं गेलेलं नाव टिकतं, नाहीतर दर पिढीत कोणीतरी ‘बरोबर’ नाव सुचवत बसलं असतं. स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न पोरांना हमखास पाडतो.

मग बाभळीचं नाव का बदललं?

कारण इथे नातंच चुकलं होतं. बाभूळ, हिवर, खैर आणि ऑस्ट्रेलियातली हजाराच्या घरातली झाडं अशी सगळी मिळून ‘अकेशिया’ ही एक भलीमोठी प्रजाती होती. डीएनए तपासल्यावर दिसलं की हा एका पूर्वजाचा गट नाही. तो फोडून वेगवेगळ्या प्रजाती करायला हव्यात.

प्रश्न उरला अकेशिया हे नाव कोणी ठेवायचं. नियमाने ज्या झाडाच्या नमुन्यावर ते नाव बांधलेलं होतं ते आफ्रिका-आशियाकडचं, आपल्या बाभळीचंच. पण ऑस्ट्रेलियन झाडं संख्येने फार, त्यांची नावं बदलली तर गोंधळ मोठा, असं म्हणून २००५ च्या व्हिएन्नाच्या परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाला दिलं गेलं, आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली व्हाचेलिया निलोटिका, हिवर व्हाचेलिया ल्युकोफ्लोइया, खैर सेनेगालिया कॅटेचू. आफ्रिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ चिडले होते आणि मला त्यांचं बरोबर वाटतं. प्रजाती फोडली ती पुराव्यावर, नाव मात्र मतमोजणीने गेलं.

टोमॅटोची उलटी गोष्ट. लिनियसने त्याला सोलॅनमच म्हटलं होतं, नंतर लायकोपर्सिकॉन या वेगळ्या प्रजातीत टाकलं, आणि १९९० च्या दशकात डीएनएच्या पुराव्यावर तो परत वांग्या-बटाट्यांच्या सोलॅनममध्ये आला.

रानपिंगळा शहाद्याजवळ परत सापडला म्हणतात. त्याचा वर्गीकरणाशी काय संबंध?

बराच. १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी (पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले तेच ह्यूम) मध्य भारतातून आलेल्या एका छोट्या घुबडाचं वर्णन केलं. गावातल्या पिंगळ्यासारखंच, पण डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे, पंजे अंगाच्या मानाने दणकट. ते इतकं निराळं वाटलं की ह्यूम यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली, हेटेरोग्लॉक्स, म्हणजे ‘वेगळं घुबड’. जातीचं नाव ब्लेविटी, नमुना मिळवणाऱ्या ब्लेविटवरून.

त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा, खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवलेला. मग शंभर वर्षांहून जास्त काळ काहीच नाही. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मिळाल्याचं नोंदवलं होतं, त्यामुळे शोधणारे तिकडे हिंडायचे. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडं भरायची पद्धत डेव्हिडसनची निघाली. इंग्लंडच्या संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात हा पक्षी भरदिवसा निष्पर्ण फांदीवर बसलेला दिसला. शेपटी झटकायची त्याची लकब लांबूनही ओळखू येते.

आता नात्याकडे या. मधल्या काळात त्याला साध्या पिंगळ्याच्या अथीनी प्रजातीत टाकलं होतं. पुन्हा सापडल्यावर हाडं आणि बांधा बघून त्याला परत हेटेरोग्लॉक्समध्ये नेलं. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी त्याचा डीएनए बाकीच्या घुबडांशी ताडून बघितला, तर तो अथीनीच्या फांदीवरच बसला. दणकट पंजे आणि मोठं डोकं त्याने वेगळ्या जगण्यापायी नंतर कमावलं असणार. प्रजाती इकडून तिकडे गेली तरी ‘ब्लेविटी’ कायम राहिलं.

नीलगाय ही गाय आहे का?

गाय नाही, पण हरणापेक्षा गायीच्या जवळची आहे. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनीच, हरभरा फस्त केलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, तरी खरं आहे: दोघी एकाच उपकुलात येतात. चितळ-सांबरांची शिंगं भरीव असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. रोह्याची पोकळ, जन्मभर तीच. काळवीटही या हिशोबाने चितळाच्या कुलात बसत नाही. तो गाय-बकरीच्या मोठ्या कुलातला. १७६६ मध्ये पॅलासने रोह्याचं वर्णन केलं तेव्हा त्यालाही हे जनावर उमजलं नसावं. आजच्या बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस या नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चौघे आहेत.

वटवाघूळ पक्षी की प्राणी?

सस्तन. पिलांना दूध पाजतं. लिनियसने १७५८ मध्ये त्याला माकडांबरोबर एका गणात ठेवलं होतं, तेही चुकीचं ठरलं.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत फरक कसा करायचा?

दोन्ही गडद अंगाचे, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे, दोन्ही रात्रीचे, दोन्ही घरात शिरणारे. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने. मानेकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे स्पष्ट. कवड्याचं उलट, मानेकडे ठळक आणि मागे विरत जाणारे. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग असते. हे मेलेल्या सापावर किंवा फोटोत बघा. जिवंत सापाच्या पाठीवरचे खवले मोजायचा उद्योग करू नका.

नात्याने मण्यार नागाच्या कुलातली, तिचं विष मज्जासंस्थेवर काम करतं. घोणस आणि फुरसं दुसऱ्या कुलातले, त्यांच्या चाव्याने मुख्यतः रक्तस्राव आणि सूज. आपल्याकडची सर्पदंशावरची लस या चौघांच्या विषाविरुद्ध एकत्रच बनवलेली असते, म्हणून दवाखान्यात साप पकडून नेण्यात वेळ घालवायचा नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यारीचा चावा कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं किंवा पापण्या जड होणं एवढीच खूण. तेवढ्यावर निघा.

अळंबी वनस्पती आहे का? आणि सृष्टी पाच की तीन?

अळंबीत हरितद्रव्य नाही, पेशीभित्तीत कायटिन आहे, जे खेकड्याच्या कवचात असतं. बुरशींचं नातं वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचं. व्हिटाकरने १९६९ मध्ये त्यांना स्वतंत्र सृष्टी देऊन एकूण पाच केल्या. पुढे कार्ल वूझने जीवाणूंचे रेणू ताडून १९७७ मध्ये दाखवलं की त्यांच्यातच दोन फार वेगळे गट आहेत, आणि १९९० मध्ये सगळ्या जीवसृष्टीचे तीन अधिक्षेत्रांत (सृष्टीच्याही वरची पायरी) वाटे सुचवले. प्रश्नपत्रिकेत व्हिटाकरचं नाव असेल तर पाच, वूझचं असेल तर तीन.

आता डीएनए आहे, मग वाळवलेल्या झाडांचे कागद कशाला सांभाळायचे?

नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. वाद झाला की त्या नमुन्याकडे जावं लागतं, डीएनए काढायचा तोही त्यातूनच. रानपिंगळ्याची लबाडी जुने नमुने जपले होते म्हणूनच उघड झाली. मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यातली आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र इथे असे संग्रह आहेत. प्राण्यांसाठी १९१६ मध्ये स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण.

जगात एकूण जाती किती?

नावं दिलेल्या अठरा-वीस लाख, त्यांत निम्म्याहून जास्त कीटक. २०११ मध्ये झालेल्या एका गणिताने जिवाणू वगळून सुमारे ८७ लाख असाव्यात असा अंदाज दिला. यावर एकमत नाही.

शेतात अनोळखी झाड दिसलं तर ओळखून कोण देईल?

आधी फोटो नीट काढा. लोक लांबून अख्ख्या झाडाचा एक फोटो पाठवतात आणि नाव विचारतात; त्यावर काही सांगता येत नाही. पानं देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान तोडल्यावर चीक येतो का, फूल समोरून आणि बाजूने, फळ उभं कापून, एवढं हवं. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलं तर जाणकार नाव सुचवतात. अ‍ॅप आपणहून दाखवतं त्या नावावर मात्र डोळे झाकून विश्वास नको, खाण्यासाठी तर मुळीच नको.

नमुना पाठवायचा असेल तर फुला-फळासकट फांदी वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवा, रोज कागद बदला, नाहीतर काळी पडते. सोबत चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, जमीन कशी, झाडाची उंची, आणि वाळल्यावर फुलाचा रंग उडतो म्हणून ताजेपणीचा रंग लिहा. गवत असेल तर तुरा येईपर्यंत थांबा. नुसत्या पात्यावरून गवत ओळखायला जुनेजाणतेही सहसा तयार होत नाहीत.